अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू चावतं, उड्या मारतं. वळण कसं लावू?

प्रश्न
आमचा बंड्या अडीच महिन्यांचा आहे. दिवसभर गुणी बाळ, पण संध्याकाळ झाली की अंगात आल्यासारखा पळत सुटतो. हातापायांना चावतो, मुलीच्या फ्रॉकला लोंबकळतो. ती किंचाळली की त्याला आणखी चेव येतो. कुणी आलं की उड्या, आणि 'ये' म्हटलं तर ढुंकून बघत नाही. घरचे म्हणतात, एक फटका दे, नाहीतर डोक्यावर बसेल. मला मारायचं नाहीये.

पहिलं उत्तर
मारू नकाच. हात आला की चावायचं किंवा पळायचं, एवढंच तो त्यातून शिकेल.

आधी त्याची झोप बघा. या वयात पिल्लं दिवसाचे 18 ते 20 तास झोपतात. संध्याकाळचा हा धिंगाणा बहुतेक वेळा थकव्याचा असतो. झोपेला आलेलं मूल किरकिरतं तसा. तेव्हा खेळ वाढवू नका, शांत कोपऱ्यात झोपवा.

दात लागला की खेळ तिथेच बंद. हात मागे, नजर दुसरीकडे. मुलीलाही हेच शिकवा, किंचाळणं त्याला खेळच वाटतं. उड्यांचंही तसंच: चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड. पाहुण्यांनाही दारातच सांगून ठेवा, कारण एकाने जरी उडी मारताना कुरवाळलं तरी तो उडी सोडत नाही.

'बस' आजच सुरू करा. खाऊचा बारीक तुकडा नाकाशी धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर जातं, बूड आपोआप टेकतं. टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा. जरा उशीर झाला की तो उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. हात फार उंच धरलात तर मात्र तो उडीच मारेल.

आणि 'ये' म्हणून बोलावून कधीही रागावू नका. आंघोळ घालायची असेल तर स्वतः जाऊन उचला.

दुसरं उत्तर
दातांचंही लक्षात घ्या. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे 28 दात पडायला लागतात, पुढे 42 येतात. तोवर चघळायला काहीतरी हवंच, ओलं करून गार केलेलं फडकंही चालतं. मुलीला दात लागून रक्त आलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ती
आजपासून झोपेचं बघते. घरात सू केलेली नंतर दिसली तर? रागावल्यावर कान पाडतो, म्हणजे त्याला कळतं ना?

पहिलं उत्तर
नाही हो, तो तुमच्या आवाजाला घाबरतो. मघाशी केलेल्या सूचा आणि आत्ताच्या रागाचा संबंध त्याला लागत नाही. मुकाट्याने पुसा, वास राहू देऊ नका. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या, आणि तिथे केली की तिथेच खाऊ द्या, घरात आल्यावर नाही. या वयात दिवसा दोनेक तासांपेक्षा जास्त त्याला धरवत नाही.