खिडकीची खोली १, माणसं ८

नदीकाठ:
माझी सून ग्लासगोची. तिच्या खापरपणजोबांचं १८८१ च्या जनगणनेतलं पान तिने मला दाखवलं. बाप जहाजाच्या गोदीत रिव्हेट ठोकणारा, आई, पाच मुलं आणि वर एक पोटभाडेकरू. ‘खिडकी असलेल्या खोल्या’ या रकान्यात आकडा १. दोन दिवस तो आकडा डोक्यातून जात नाहीये. एवढी माणसं झोपायची कुठे? त्या बाईने अंघोळ कुठे केली असेल? शिवाय १८७१ च्या पानावर दोन वर्षांची एक मुलगी आहे, ती १८८१ मध्ये दिसत नाही. नातवाला सगळं खरं सांगायचंय, म्हणून विचारते.

दगडी जिना:
ताई, मी अकरा वर्षं ग्लासगोतल्याच एका जुन्या टेनेमेंटमध्ये राहतो, म्हणजे एकाच जिन्यावर अनेक कुटुंबांची घरं असलेल्या इमारतीत. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत पलंगाएवढा कोनाडा आहे. मला वाटायचं, इथलं कपाट कुणीतरी काढलं असेल. शेजारच्या आजींनी सांगितलं, ‘अरे, माझी आई यातच जन्मली.’ तो भिंतीतला पलंग. त्याच्याखाली चाकांचा बुटका पलंग सरकवलेला असायचा, ‘हर्ली’ म्हणतात त्याला. रात्री तो बाहेर ओढला की मुलं त्यावर आडवीतिडवी. पोटभाडेकरू बहुधा जमिनीवर.

एकाच खोलीच्या घराला इथे ‘सिंगल एंड’ म्हणत. कोळशाची चूल, टेबल, वाळत घातलेले कपडे, सगळं तिथेच. पाण्याचं मात्र बरं होतं. १८५९ पासून लॉक कॅट्रिन तलावाचं स्वच्छ पाणी शहरात येत होतं. अंघोळ म्हणजे चुलीपुढे पत्र्याचं टब, एकामागून एक. बाईची पाळी सगळे बाहेर गेले किंवा झोपले की. संडास बहुतेकांना मागच्या अंगणात, साऱ्या जिन्याचा मिळून.

आणि दारावरचा पत्रा! १८६२ च्या कायद्याने लहान घरं मोजून दारावर लिहीत, किती माणसं राहू शकतात ते. मोठ्या माणसाला ३०० घनफूट हवा, आठ वर्षांखालच्या मुलाला निम्मी. मध्यरात्री निरीक्षक येऊन डोकी मोजायचे. जास्तीची माणसं कपाटात, छपरावर लपायची. रात्रपाळीच्या निरीक्षकाने दार वाजवल्यावर त्या आईच्या छातीत काय होत असेल, हा विचार मला त्या कोनाड्याकडे बघताना हटकून येतो. तुमच्या घराच्या दारावर पत्रा होता की नाही, हे जनगणनेच्या पानावरून कळणार नाही.

मुलीबद्दल लिहायला हात जड होतोय. शहराचे आरोग्य अधिकारी जेम्स बर्न रसेल यांनी १८८८ मध्ये एका खोलीतल्या आयुष्यावर व्याख्यान दिलं होतं. मूल गेलं की ते टेबलावर ठेवायचे आणि भावंडं त्याच खोलीत जेवायची, झोपायची, असं त्यांनी सांगितलंय. दुसरी जागाच नव्हती.

जुनं दप्तर:
मुलगी गेलीच असं लगेच धरू नका, आजीकडे किंवा कुणाकडे कामालाही असू शकेल. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून मृत्यूच्या नोंदीत आई-बाप दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. त्यामुळे एकाच नावाच्या मुलींमधून तुमची वेगळी काढता येईल. आधी १८७१ ते १८८१ एवढंच शोधा.

नदीकाठ:
सुनेने काल रात्री शोधलं. १८७४, गोवर. पत्ता तोच, जिना तोच. नातवाला तिचं नाव सांगितलं. त्याने विचारलं, टेबल कुठलं.