आईला घेऊन स्पेनला जायचंय, तिथले सण बघायला कधी जाऊ?

होटगीरोडकर: नमस्कार मंडळी, धाकटी बहीण व्हॅलेन्सियात शिकतीय, म्हणतीय आईला घेऊन ये. आई ६३ वर्षांची, गुडघे दुखतात पण आपल्या सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा एकदाबी चुकवली नाही तिनं. तिचं म्हणणं, राजवाडे नको, तिथली माणसं देवाचं काय करतात ते दाखव. यूट्यूबवर नुसतं बैलांपुढं पळणं नि टोमॅटो फेकणं. कोणी बघितलंय का?

बाळीवेसवाला: ताई, मी सेव्हिलला दोन वर्षं होतो, ईस्टरच्या आधीचा आठवडा गाठा, सेमाना सांता म्हणतात. येशूच्या न् मेरीच्या मूर्ती ज्या मखरावर निघतात त्याला पासो म्हणतात, वजन टनाच्या वर, खाली तीसचाळीस माणसं, बाहेरून फक्त पाय दिसतात. मानेवर कापडाची जाड गुंडाळी. मुकादम ठोकणी वाजवतो की सगळे एका दमात उठतात, मेणबत्त्या थरथरतात. मला तिथं गड्ड्याच्या यात्रेतल्या उंच काठ्या, नंदीध्वजच आठवले हो, मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यापुढं काठी उचलताना पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांची मान कशी ताठ होते, तसंच. सरावसुद्धा कित्येक आठवडे आधीपासून, रात्री, वजनं ठेवून. आणि लहान पोरं मिरवणुकीतल्या मेणबत्त्यांचं गळणारं मेण हातातल्या गोळ्यावर घेतात, दरवर्षी तोच गोळा मोठा करत नेतात! पाऊस आला तर मिरवणूक रद्द, मोठी माणसं रडताना बघितलीत मी. मिरवणुकीतल्या लोकांच्या टोकदार टोप्या बघून आईला दचकू देऊ नका, तो प्रायश्चित्ताचा वेष आहे.

सुईंग_मास्तर: बहीण व्हॅलेन्सियात हाय तर तिथला फायास सण का सोडताय? १५ ते १९ मार्च. चौकाचौकात लाकूड-कागद-थर्माकोलचे अवाढव्य पुतळे, वर्षभर खपून केलेले, १९ च्या रात्री जाळतात, लोकांच्या मतानं वाचलेले एकदोनच म्युझियमला जातात. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर कुंभारकन्येच्या प्रतीकाचा होम बघितलेल्या आईला हे वेगळं समजवावं लागणार नाही. पण आईंसाठी खरं १७ आणि १८ तारीख, बायका रेशमी पोशाखात फुलं घेऊन येतात आणि त्या फुलांनीच मेरीच्या उंच मूर्तीचा शेला भरतात. दुपारी दोनला फटाक्यांचा मोठा बार असतो, कानात कापूस घालून जा, आणि चौकाच्या कडेलाच थांबा.

बाळीवेसवाला: अरे हो, २०२७ ला दोन्ही जमतंय! ईस्टर वसंतातल्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्या वर्षी ती पौर्णिमा म्हणजे आपली होळीचीच पौर्णिमा, २२ मार्च. म्हणजे १९ ला फायास संपलं की २१ ला सेव्हिलचा आठवडा सुरू, २८ ला ईस्टर. गुरुवारची रात्र, २५ ची, तिथं झोपायचीच नाही, पहाटेपर्यंत मिरवणुका. हॉटेल मात्र आत्ताच बघा, गुडघ्यांसाठी जुन्या शहरात जवळचंच.

होटगीरोडकर: दादा, दोघांचेबी आभार, २०२७ पक्कं केलं. आईला फुलांचं वाचून दाखवलं, ती गप्पच बसली थोडा वेळ. मग विचारलं, त्या शेल्यात आपला शेवंतीचा एक गुच्छ घेतील का?