नाग नदीच्या पाणलोटाचा आराखडा : हद्द कुठे आखावी, बैठकीला कोणाला बोलवावे?

प्रश्न
नमस्कार. आम्ही पश्चिम नागपुरातील काही रहिवासी नाग नदीच्या पाणलोट क्षेत्रासाठी, म्हणजे जिथला पाऊस वाहत या नदीला मिळतो त्या सगळ्या जमिनीसाठी, संवर्धन आराखडा करू इच्छितो. उन्हाळ्यात पात्रातला गाळ उपसला जातो. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून नुसत्या पात्राकडे पाहून भागणार नाही हे आम्हाला पटले आहे. नदीच्या उगमाकडील लाव्याच्या टेकड्यांपासून कन्हान नदीच्या संगमापर्यंत महापालिका, वाडी नगरपरिषद, ग्रामपंचायती, वन विभाग आणि एमआयडीसी अशा अनेकांच्या हद्दी लागतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १
वॉर्डांचा नकाशा बाजूला ठेवा आणि पाणी जिथे दोन्हीकडे वाटले जाते ती माथ्याची रेषा आधी आखून घ्या. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या दोन्ही संस्था नागपुरातच आहेत. त्यांच्याकडे मृदा आणि भूवापराच्या नकाशांची चौकशी करा. जमिनीचा प्रकार पाहिल्याशिवाय कामे ठरवू नयेत. टेकड्यांच्या मुरमाड उतारावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर) खणले तर पाणी मुरते, पण खालच्या भारी काळ्या मातीत ते साचून राहते, कारण ही माती भिजली की फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि नंतरचा पाऊस थेट नाल्याला लागतो. म्हणून उतारावरची झुडपे आणि गवत राखणे हेसुद्धा पूरनियंत्रणाचेच काम आहे.

उत्तर २
मी पवनी भागातला. आपला आराखडा कन्हानच्या संगमाशी थांबतो, पाणी मात्र थांबत नाही. ते आंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते आणि पुढे आमच्याकडच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात येते. शहराचे सांडपाणी त्यासोबत येते, त्याने जलपर्णी माजते आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांची जाळी त्यात अडकून पडतात. कोणत्या महिन्यात पाण्याचा रंग पालटतो, कोणता मासा मिळेनासा झाला, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आराखडा तयार झाल्यावर त्यांची सही घेण्यापेक्षा उद्दिष्टे ठरतानाच त्यांच्या सहकारी संस्थांना बोलवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. त्या समित्या आणि त्यांच्या लोकजैवविविधता नोंदवह्या (स्थानिक वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांच्या नोंदी) यांचा उपयोग करून घ्या.

उत्तर ३
दोन्ही मते योग्य आहेत, तरी एवढ्या मोठ्या क्षेत्राची कामे एकदम हाती घेऊ नयेत असे मला वाटते. उद्दिष्टे गोसीखुर्दपर्यंतच्या लोकांसोबत ठरवा, कामे मात्र अंबाझरीच्या वरच्या पाणलोटात सुरू करा. तिथेही हितसंबंध जुळत नाहीत : पुराच्या भीतीने खालचे रहिवासी पावसाळ्याआधी तलावाची पातळी उतरवा म्हणतील, तर मासे आणि पाणपक्षी यांच्यासाठी पाणी टिकवा असेही कोणी म्हणेल. हा वाद बैठकीत मोकळेपणाने होऊ द्या. तलावाच्या कोणत्या पाणीपातळीवर सहमती झाली, आपापल्या हद्दीत कोण काय करणार, त्यावर देखरेख कोण ठेवणार आणि खर्च अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून होणार, हे इतिवृत्तात लिहून त्याच बैठकीत सर्वांच्या सह्या घ्याव्यात.