मदत हवी आहे: एम १०१ चे १९ मे २०२३ चे फोटो, पण कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं

नमस्कार मंडळी,

जुनी हार्ड डिस्क आवरताना त्या रात्रीच्या ५२ फ्रेम्स सापडल्या, प्रत्येकी ६० सेकंदांच्या. वैशाख अमावास्या होती म्हणून जुन्नरच्या पुढे माळावर सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) लावली होती. सप्तर्षींच्या शेपटीतल्या वसिष्ठ आणि मरीचीशी त्रिकोण करणारी एम १०१ ही दीर्घिका टिपत होतो. तारे थोडे लांबुळके आले, म्हणून तेव्हा फाइली उघडल्याच नाहीत.

त्याच रात्री, आपल्या वेळेनुसार १०:५७ ला, जपानचे हौशी खगोलनिरीक्षक कोइची इतागाकींना त्याच दीर्घिकेत एसएन २०२३आयएक्सएफ हा अतिनवतारा (स्फोट झालेला तारा) दिसला. प्रत (तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) १४.९. पुढच्या चार-पाच दिवसांत तो अकराव्या प्रतीच्या आसपास पोचला. माझ्या फ्रेम्समध्ये एनजीसी ५४६१ या तेजोमेघाला लागून ठिपका आहे. २०२२ च्या माझ्या फोटोत तो नाही. खात्री करायला पाच वेळा आलटून पालटून पाहिलं, हात थरथरत होते.

अडचण वेळेची आहे. त्या आठवड्यात बॅटरी पूर्ण उतरली होती, घड्याळ अंदाजाने लावलेलं. कॅमेऱ्याप्रमाणे फ्रेम्स १०:०४ ते ११:१० च्या. स्फोट जेमतेम एक दिवसापूर्वीचा, ताऱ्याने आधी फेकलेल्या वायूवर धक्का आदळत होता, तेज तासागणिक वाढत होतं. अशा वेळी पाच-दहा मिनिटांची चूकही मला चालवून घ्यायची नाही.

सतराव्या फ्रेममध्ये उपग्रहाची रेघ आहे आणि ती चौकटीच्या मधूनच सुरू होते. म्हणजे शटर उघडलं तेव्हा उपग्रह नेमका तिथे होता? की तिथे तो पृथ्वीच्या सावलीतून बाहेर आला? २०२३ चे कक्षेचे आकडे वापरून उपग्रह ओळखायचं आणि त्यावरून घड्याळ दुरुस्त करायचं काम कुणी केलंय का? कुठलं सॉफ्टवेअर वापरलंत?

दुसरं, प्रत मोजताना तेजोमेघाचा उजेड मिसळतो. रॉ फाइलचा हिरवा चॅनेल घेऊन शेजारच्या ताऱ्यांशी तुलना केली, तर मोजणीचं वर्तुळ ५ पिक्सेलचं घेतल्यावर १४.८ येतं आणि ८ चं घेतल्यावर १४.३. जुना फोटो वजा करावा म्हणतो, पण २०२२ चा कॅमेरा वेगळा होता. तो चालेल, की याच जोडणीने येत्या मे महिन्यात नव्याने फोटो काढू? अतिनवतारा आता माझ्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर मंद झालाय, त्यामुळे पार्श्वभूमी स्वच्छ मिळेल.

सतरावी फ्रेम मूळ रॉ स्वरूपात द्यायला तयार आहे.