मदत हवी आहे: रापणीवर घिरट्या घालणारा शेंडीवाला पक्षी कोणता?

मंडळी, पाऊस सरल्यापासून आमच्या आचऱ्याच्या (सिंधुदुर्ग) किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढायला लागले की एक पांढरा थवा हजर होतो. पोट शुभ्र, पाठ राखाडी, कपाळ पांढरं आणि मानेकडे काळी विस्कटलेली शेंडी. पंख लांब, टोकदार, शेपटी दुभंगलेली. चोच खाली रोखून उडत राहतो, जागच्या जागी पंख फडफडवतो आणि धाडकन सूर मारतो. पेडवा मासा घेऊनच वर येतो! काका म्हणतात कुरव (सीगल). मला पटत नाही.

खरा घोळ चोचीचा आहे. काहींची भडक नारिंगी, काहींची फिकट पिवळी. नर-मादी असतील का? शिवाय वाळूवर बसलेल्या एका करड्या ठिपक्यांच्या पक्ष्याला दुसऱ्याने मासा भरवला. भरवून घेणारा जवळपास तेवढाच मोठा होता!

प्रतिसाद १:
काकांना सांगा, कुरव असा सूर मारत नाही; तो पाण्यावर बसून किंवा वरच्यावर उचलून खातो, दुसऱ्याचं हिसकावतोही. तुमचे हे सुरय (इंग्रजीत टर्न). चोचीवरून नर-मादी ओळखता येत नाहीत, या दोन जाती आहेत. नारिंगी चोचीचा तो छोटा तुरेवाला सुरय, साधारण ४० सेंमी. आखाती देशांजवळच्या बेटांवर त्याची मोठी वीण होते, आपल्याकडे तो थंडीचा पाहुणा. फिकट पिवळ्या चोचीचा मोठा तुरेवाला, ४५ सेंमीच्या वर, पाठही जरा गडद. दोघे एकाच थव्यात खुशाल बसतात, म्हणून गोंधळ होतो. चोच काळी आणि फक्त टोक पिवळं असा एखादा दिसला तर तो तिसराच, सँडविच सुरय.

प्रतिसाद २:
ठिपकेवालं ते पिल्लू. उडायला लागलं तरी सूर मारून मासा धरणं लगेच जमत नाही, त्यामुळे आईबाप कित्येक महिने भरवतात. घरटी मात्र तुमच्या किनाऱ्यावर शोधू नका. मोठा तुरेवाला वेंगुर्ला रॉक्ससारख्या खडकाळ बेटांवर, उघड्यावरच अंडी घालतो. विणीच्या दिवसांत तिथे होडी लावून उतरू नये. पक्षी उठले की अंडी उन्हात भाजतात.

फोटो टाका ना. थवा वाऱ्याकडे तोंड करून बसतो, तेव्हा बाजूने काढा, म्हणजे चोच आणि पाठ दोन्ही येतील. आणि किनाऱ्यावरची कुत्री तेवढी आवरा.