पहिली पाँटून बोट: पंधरा हजारांत जुनी, की कर्ज काढून नवी?

कृष्णाकाठची

मिनेसोटात राहता आणि बोट नाही म्हटलं की ऑफिसातले लोक जरा कीव आल्यासारखं बघतात. दहा एकरांच्या वरची अकरा हजारांहून जास्त तळी या राज्यात, आणि आमच्या घराजवळ तर मिनेटोंका तळंच. पाँटून (बंद पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट) हा प्रकारही इथलाच. रिचमंड गावच्या अँब्रोस वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून त्यावर लाकडी पाट ठोकला, तिथून सगळं सुरू झालं.

आम्हाला पाँटूनच हवी, कारण सासूबाई. सासूसासरे उन्हाळाभर सांगलीहून आमच्याकडे असतात. साध्या निमुळत्या बोटीत काठावरून पाय टाकून खाली उतरावं लागतं, त्यात ती एका अंगाला कलते. सासूबाईंचे गुडघे त्याला राजी नाहीत. पाँटूनला सपाट डेक, भोवती कठडा, कठड्याला दार. धक्क्यावरून पाऊल टाकलं की आत.

बजेट पंधरा हजार डॉलर, ट्रेलरसकट. माझं मत: दहा-पंधरा वर्षं जुनी, २० फुटी, दोन नळ्यांची, ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन असलेली घ्यावी आणि रोख पैसे देऊन मोकळं व्हावं. नवऱ्याचं मत: नवी घ्यावी, १६ फुटी का असेना, निदान डोक्याला ताप नाही. नवीन १६ फुटी वीस हजारांच्या आतबाहेर मिळते. त्यावर फ्रेट (वाहतूक), प्रेप (बोट तयार करून देण्याचा खर्च) आणि ६.८७५ टक्के सेल्स टॅक्स. म्हणजे कर्ज आलंच. आणि १६ फुटांत आम्ही सहा जण, आइसबॉक्स आणि सासूबाईंची पिशवी मावणार कुठे?

"भाड्याने घ्या" हा सल्ला येणार हे गृहीत धरलंय. तो सोडून बोला.

हिशोबनीस

तोच देणार. तुम्ही पंधरा हजार ही बोटीची किंमत समजताय, ती फक्त प्रवेश फी आहे. विमा, हिवाळ्याआधी इंजिनाची सर्व्हिस, श्रिंक रॅप (हिवाळ्यासाठीचं प्लास्टिकचं आवरण), बोट घरी ठेवू न देणारी एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर स्टोरेजचं भाडं, आणि मिनेटोंकावर स्लिप (धक्क्याला बोट बांधायची जागा) घेतलीत तर एका मोसमाचे काही हजार. बोट पाण्यात उतरो न उतरो, हे मीटर चालूच.

आता दिवस मोजा. मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात, चौदा-पंधरा आठवडे. त्यातून पावसाचे, वाऱ्याचे, मुलांच्या सॉकरचे, मंडळाच्या पिकनिकचे आणि कुणाच्या तरी बारशाचे शनिवार वजा करा. उरले त्या दिवशी अर्ध्या दिवसाच्या भाड्याला चार-पाचशे डॉलर लागले तरी तुम्ही फायद्यात. पेट्रोल भरलं, किल्ली परत दिली, घरी आलो. बोट बंद पडली तर ती मालकाची डोकेदुखी.

कृष्णाकाठची

हिशोब मान्य, पण भाड्याची बोट तीन आठवडे आधी ठरवावी लागते. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला ऊन छान पडलंय, पोळ्या-भाजी डब्यात भरा आणि चला, हे तिच्यात होत नाही. मला ते मंगळवारच हवे आहेत. शनिवारी मिनेटोंकावर गर्दीच इतकी असते की मी तशीही जाणार नाही.

नवाकोरा

तुमच्या यजमानांच्या बाजूने लिहितो. जुन्या बोटीच्या जाहिरातीत "रन्स ग्रेट" लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नसतो. नव्या आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) साधारण तीन वर्षं तरी कंपनीची वॉरंटी मिळते. जुन्या बोटीचं इंजिन जुलैत बंद पडलं तर चांगल्या मेकॅनिककडे तीन-चार आठवड्यांची रांग असते, म्हणजे मोसमातला पाव भाग गेला. आणि साठचं नवं इंजिन बसवायची वेळ आली तर बोटीला दिलेल्या पैशाच्या निम्म्याहून जास्त तिथेच जातील. बोट जुनी, इंजिन नवं, आणि विकताना भाव जुन्या बोटीचाच.

माझं तर म्हणणं अजून पुढचं. घ्यायची तर तीन नळ्यांची घ्या. दोन नळ्यांची बोट माणसं भरली की खाली बसते, नाकावर लाट घेते. मुलं मोठी झाली की मागे हवा भरलेली रबरी ट्यूब बांधून आम्हाला ओढा म्हणणार. तेव्हा ताशी अठरा-वीस मैलांचा वेग लागतो, तो साठच्या इंजिनाला माणसं भरलेली असताना जेमतेम मिळतो.

बारा_नंबरचा_पाना

नवाकोरा, बजेट पंधरा हजार आहे हो. तीन नळ्या आणि सव्वाशे-दीडशेचं इंजिन म्हणजे आकडा थेट तिप्पट. धागाकर्तीने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

जुनीच घ्या, पण डोळे उघडे ठेवून. बाहेरून चकाचक व्हिनिल, नवे कप होल्डर, ब्लूटूथ स्पीकर या गोष्टींना भुलायचं नाही. मी बघायला जातो तेव्हा माणसाशी आधी गप्पाच मारत नाही, थेट डेकवर चालायला लागतो. अनवाणी किंवा पातळ चपलेत. ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांवर पाऊण इंची प्लायवुड असतं, वर कार्पेट किंवा व्हिनिल. दारांच्या उंबऱ्याशी, मागच्या शिडीजवळ आणि सीटच्या खाली टाचेवर भार देऊन दाबायचं. सीटचे झाकण उचलून आत हात घालायचा. कुठे लाकूड दबलं, भुसभुशीत लागलं, तर तेवढाच तुकडा कुजलाय असं समजू नका. डेक बदलायचं म्हणजे कठडे, सीट, स्टिअरिंगचा कन्सोल, सगळं उतरवून ठेवावं लागतं. स्वतः केलंत तर उन्हाळा त्यातच जाईल, दुसऱ्याकडून केलंत तर बजेट.

डेक आधीच बदललेलं असेल तर लाकूड कुठलं ते विचारा. काही महाभाग हार्डवेअरच्या दुकानातून अंगणातल्या डेकसाठीचं तांब्याचं रसायन मुरवलेलं लाकूड आणून ठोकतात. ते ओलं झालं की खालचं ॲल्युमिनियम खातं.

मग खाली वाकायचं. नळ्यांच्या वेल्डिंगवरून हाताचं बोट फिरवा, तळाला खडकाने पडलेले पोचे बघा. वरवरचा पोचा चालतो, वेल्डजवळचा नाही. आणि इथला खास प्रश्न: नळीत पाणी शिरलं होतं का? शिरलेलं पाणी जानेवारीत गोठतं, फुगतं आणि शिवण उसवतं. बोट पाण्यात असेल तर धक्क्यावरून मागून बघा, एक बाजू खाली बसलीय का. ट्रेलरवर असेल तर नळी मुठीने वाजवत जा, पाणी असलेल्या ठिकाणी आवाज बदलतो.

इंजिनाचं: खालच्या गिअरकेसचा (प्रोपेलरजवळचा गिअरचा डबा) स्क्रू सोडून चार थेंब तेल काढा. काळपट चालेल. दुधाळ, चहासारखं दिसलं तर सील गेलंय, आत पाणी आहे. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) मेकॅनिककडून करून घ्या, सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. सुरू केल्यावर मागून पाण्याची धार सणसणीत यायला हवी. करंगळीएवढीही नसेल तर निदान इंपेलर (इंजिन गार ठेवणारं पाणी ओढणारा पंखा) गेलाय, तो किरकोळ खर्च. पण मालकाने तेवढंही केलं नसेल तर बाकी काय केलं असेल?

आणि इंजिन गार असताना सुरू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधीच त्याने "गरम करून ठेवलं" असेल तर चहा घ्या आणि परत या.

ओढाताण

धाग्यात एकानेही विचारलं नाही, गाडी कुठली आहे?

आपल्याकडे निम्म्या घरांत सिएना नाहीतर ओडिसी मिनिव्हॅन. दोन्हींची ओढण्याची कमाल मर्यादा ३५०० पौंड, ओडिसीला त्यासाठी ट्रान्समिशन कूलर वेगळा बसवावा लागतो. आता २० फुटी पाँटून: नुसती बोट १८०० ते २००० पौंड. ब्रोशरमधल्या या वजनात बहुधा इंजिन धरलेलं नसतं. साठचं इंजिन अडीचशेच्या आसपास. टाकीत वीस गॅलन पेट्रोल असेल तर सव्वाशे. बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेटं. ट्रेलर हजारच्या आसपास. ३५०० ला टेकलात की, आणि अजून गाडीत माणसं बसायची आहेत. शिवाय पाँटून म्हणजे हायवेवर वारा अडवणारी भिंत. रॅम्पवरून (बोट पाण्यात उतरवायचा उतार) ओली बोट वर खेचताना पुढची चाकं शेवाळावर फिरायला लागली की बायकोमुलांसमोर जी शोभा होते ती मिनिव्हॅनवाल्यांनाच ठाऊक.

पायलट किंवा साध्या पेट्रोलवरच्या हायलँडरसारख्या एसयूव्हीला ५०००पर्यंत चालतं, मॉडेल तपासून घ्या. सीआर-व्ही असेल तर पाँटूनचा विषयच सोडा.

अजून एक, ट्रेलर सिझर प्रकारचा नको. तो बोटीला मधोमध, दोन नळ्यांच्या आतल्या अंगाला धरतो. अरुंद असतो, वळणावर डोलतो. गावातल्या गावात ठीक. लांब न्यायची तर बंक ट्रेलर, नळ्यांना खालून लांब फळ्यांचा आधार देणारा.

कृष्णाकाठची

पायलट आहे, ऑल-व्हील. हुश्श.

हिशोबनीस

बघा, अजून बोट आली नाही आणि "हुश्श" सुरू झालं.

दर्यासारंग

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ. इंजिन आणि डेक यावर इतकं बोललात, माणसांवर कुणीच नाही.

दोन नळ्यांची पाँटून ही तळ्यातली बोट आहे. आमच्या इथे लेक सेंट क्लेअरवर दुपारी वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा येतात, तिथे मी तीन नळ्यांशिवाय जाणार नाही. या बाबतीत नवाकोरा यांच्याशी सहमत. पण मिनेसोटातल्या हजारभर एकरांच्या तळ्यावर संध्याकाळी फिरायला तीन नळ्या कशाला? असहमत.

मुलांना पुढच्या दाराच्या बाहेर, डेकच्या टोकाला पाय सोडून बसू देऊ नका. फोटो छान येतो, पण बोट लाटेवर आपटली की मूल थेट दोन नळ्यांच्या मधे पडतं आणि मागून प्रोपेलर येतो. दार बंद, माणसं कठड्याच्या आत, मगच इंजिन गिअरमध्ये. शिडीवर कुणी असेल तर इंजिन बंदच, प्रोपेलर तिथेच असतो आणि कार्बन मोनॉक्साइडही तिथेच साचतो. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांना बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालावंच लागतं. सासूबाईंनाही घाला, साडीवरून बसेल असं पट्ट्यांचं मिळतं. आणि किल-स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारा) दोरी मनगटाला. एप्रिल २०२१पासून तो केंद्राचा कायदा आहे.

बोटीच्या क्षमतेच्या प्लेटवर "१० माणसं" लिहिलेलं असतं ते वजनाच्या आकड्यासोबत वाचा. दहा माणसांची बोट आरामात सात जणांची समजा.

नवाकोरा

सुरक्षेचे सगळे मुद्दे मान्य. पण यातलं एकही जुनी घेण्याच्या बाजूचं नाही. उलट जुन्या बोटीचं किल-स्विच चालतं का, वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का, हेही आता यादीत टाका. पाना यांनी लिहिलेलं सगळं तपासायला प्रत्येकाला ते ज्ञान असतं का? नोकरी करणाऱ्या जोडप्याने रविवारी गिअरकेसचं तेल हुंगत बसायचं?

बारा_नंबरचा_पाना

नसेल ज्ञान तर मरीन सर्व्हेअर (बोटींची तपासणी करणारा) किंवा ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा, दोन-तीनशे डॉलर द्या. कर्जाच्या एका हप्त्यात काम होईल. आणि वॉरंटी डेकवर सांडलेल्या आमरसाला, व्हिनिलवरच्या हळदीच्या डागाला आणि धक्क्यावर आपटून वाकलेल्या कोपऱ्याला लागू नसते. पहिल्या वर्षी हे तिन्ही होणारच. ते जुन्या बोटीला होऊ द्या.

नवाकोरा

हा मुद्दा मात्र गृहमंत्र्यांना दाखवत नाही. हलके घ्या.

तळ्यातमळ्यात

एक राहिलं. जुनी बोट-लिफ्ट (बोट पाण्याबाहेर उचलून धरणारा सांगाडा) किंवा डॉक (धक्का) घेत असाल आणि ते दुसऱ्या तळ्यातून आलेलं असेल, तर २१ दिवस कोरडं ठेवल्याशिवाय आपल्या तळ्यात टाकता येत नाही. झेब्रा मसल (बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे छोटे शिंपले) पसरू नयेत म्हणून आहे, मिनेटोंकात ते २०१०पासून आहेत. बोट बाहेर काढली की ड्रेन प्लग उघडून पाणी सोडायचं आणि रस्त्यावर प्लग उघडाच ठेवायचा. इन्स्पेक्टर उभे असतात, दंड करतात. आणि मुलगा-मुलगी चालवणार असतील तर नवा ऑपरेटर परवाना बघून ठेवा. १ जुलै २०२५पासून लागू झालाय, आधी तरुणांना, मग दरवर्षी थोड्या मोठ्या वयाच्यांना.

कृष्णाकाठची

सर्वांना धन्यवाद, हिशोबनीसांनाही. नवऱ्याने धागा वाचला. त्याचं मत अजून बदललेलं नाही, पण शनिवारी बघायला यायला तयार झालाय. अलेक्झांड्रियाजवळ एक आहे: २० फुटी, साठचं इंजिन, बंक ट्रेलर, साडेतेरा मागतोय. इंजिन गार ठेव म्हणून सांगितलंय, हो म्हणाला. कार्पेट गेल्याच महिन्यात नवं टाकलंय म्हणे.

बारा_नंबरचा_पाना

कार्पेट नवं? मग निघायच्या आधी फोन करून विचारा, दाराशी एक कोपरा उचलून खालचं लाकूड दाखवणार का. नाही म्हणाला तर दोन-अडीच तास गाडी हाणू नका.