बाबांसोबत बघायला साय-फाय सिनेमे सुचवा (मारामारी नको)

रानवारा:
बाबा रिटायर झालेत, आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं. नारळीकरांच्या विज्ञानकथा मला त्यांनीच वाचायला दिल्या, पण साय-फाय सिनेमाचं नाव काढलं की म्हणतात त्यात सायन्स कुठंय, नुसती ढिशूम ढिशूम. मागच्या रविवारी इंटरस्टेलर लावला तर शेवटपर्यंत बसले, आणि त्या पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची 7 वर्षं हे आल्यावर पॉज करायला लावून मला अर्धा तास टाइम डायलेशन समजावलं, इतके खुललेले मी कित्येक दिवसांत बघितले नव्हते. आता तवा तापलाय तोवर पुढचा सिनेमा ठरवायचाय. तुमचे स्वतःचे आवडते सांगा, आणि हो, सबटायटल भराभर पळाली की त्यांना वाचायला जमत नाही.

माळरान:
डोळे झाकून कॉन्टॅक्ट (1997). कार्ल सेगनच्या कादंबरीवरचा. जोडी फॉस्टर रेडिओ दुर्बिणींच्या रांगेसमोर गाडीपाशी हेडफोन लावून डोळे मिटून पडलीय आणि अचानक ठोके यायला लागतात, ते मोजले तर मूळ संख्या! 26 प्रकाशवर्षांवरच्या अभिजित ताऱ्याकडून. मी हा बघितला त्याच्या आधी विज्ञान दिनाला पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघून आलो होतो, 45 मीटरच्या 30 तबकड्या, तिथं खाली उभं राहून वर बघितलं होतं, त्यामुळे तो सीन आला तेव्हा अंगावर काटाच आला. बाबा खोडदला मुलांना घेऊन गेले असतील तर आधी हाच लावा.

आणि त्यांना सांगा, इंटरस्टेलरला सल्ला देणारे किप थॉर्न यांनाच 2017 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, गुरुत्वीय लहरींसाठी.

शुक्रतारा२१:
2001: अ स्पेस ओडिसी कुणीच कसा लिहिला नाही? माणूस चंद्रावर उतरायच्या आदल्या वर्षी, 1968 ला आलाय. अवकाशात आवाज नाही म्हणजे नाही, बाहेर गेलेल्या माणसाचा फक्त श्वास ऐकू येतो. फिजिक्सच्या मास्तरांना एवढ्यावरच आवडेल.

माळरान:
@शुक्रतारा२१ माझाही जीव आहे त्या सिनेमावर, पण पहिली 25 मिनिटं एक शब्द नाही, नुसती माकडं. नुकती गोडी लागलेल्या माणसाला लगेच नको, चौथा-पाचवा ठेवा.

कंदील:
अरायव्हल (2016). लढाई नाही, एक भाषातज्ज्ञ बाई परग्रहवासीयांची लिपी शिकते, शाईच्या गोल गोल वलयांची, एवढंच. गोष्ट आधी कुठे वाचू नका, बाबांनाही सांगू नका. मी शेवटानंतर आईला फोन केला, काही काम नव्हतं, असाच. संवाद संथ आहेत, सबटायटल जमतील.

दुसरा, ला जेते, फ्रेंच, 1962 चा, फक्त 28 मिनिटं. सगळा स्थिर फोटोंचा, नुसते फोटो आणि मागे निवेदन, इंग्रजी निवेदनाचाही मिळतो. पूर्ण सिनेमात एकदाच चित्र हलतं, झोपलेली बाई डोळे उघडून आपल्याकडे बघते. दोन-तीन सेकंदच असतील, पण माझ्यासाठी सगळ्या साय-फायमधला सगळ्यात सुंदर क्षण तोच.

शुक्रतारा२१:
गॅटाका पण घ्या मग, 1997 चाच. जन्मतःच डीएनए बघून तुझी लायकी एवढीच असं ठरवून टाकलेल्या पोराची गोष्ट. रोज सकाळी तो अंग घासघासून काढतो, कारण ऑफिसात एक केस जरी सापडला तरी संपलं. शिक्षक माणसाला हा लागेल, वर्गात मागच्या बाकावर ढकललेली किती पोरं त्यांनी बघितली असतील.

रानवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार! काल कॉन्टॅक्ट झाला. ठोके सुरू झाल्याबरोबर बाबा बोटांवर मोजायला लागले आणि सिनेमातल्यांच्या आधी म्हणाले 'अरे, मूळ संख्या आहेत या.' खोडदला खरंच गेले होते म्हणे, शाळेची सहल घेऊन, जुना फोटो शोधून काढला, त्यात मागे तबकडी आणि पुढे चाळीस पोरं उन्हात डोळे बारीक करून. पुढच्या रविवारी अरायव्हल. आई पण बसणारे.